डमडमची गोळी आणि टेक्ससचं हरीण

मागच्या महिन्यात रात्री उशिरा भाच्याचा फोन आला. तो टेक्ससला असतो. ऑफिसातल्या मित्रांबरोबर पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाणार होता. तिथे ती परवाना काढून, हंगामात, रीतसर होते.

"मामा, माझी रायफल .२२३ ची आहे. म्हणजे तुमच्या इन्सासच्या ५.५६ सारखीच ना? मिलिटरी टाइप गोळ्या इथे स्वस्त मिळतात. चालतील का हरणाला?"

"नको घेऊस," मी म्हणालो. कारण मात्र फोनवर नीट सांगता आलं नाही. म्हणून हा लेख.

माझी सध्याची पोस्टिंग कोलकात्याची. विमानतळाकडे जाताना डमडम लागतं. या गावाचं नाव काडतुसांच्या इतिहासात दोनदा येतं. जानेवारी १८५७ मध्ये चरबीच्या काडतुसांची कुजबुज सुरू झाली ती इथल्याच छावणीत. आणि चाळीसेक वर्षांनी इथल्याच कारखान्यात तयार झालेल्या गोळीने या गावाचं नाव जगभरच्या शब्दकोशांत नेलं.

१८८८ मध्ये ब्रिटिश फौजेने .३०३ ची ली-मेटफर्ड रायफल घेतली. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्रीची गोळी .४५ इंची, ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम नुसतं शिसं. नवी गोळी २१५ ग्रेनची, १४ ग्रॅमची. कॅलिबर लहान, वेग जास्त, पल्ला लांब, आणि जवानाला तेवढ्याच वजनात जास्त राउंड नेता येणार. पण त्या वेगात उघडं शिसं नळीच्या आट्यांत टिकत नाही, म्हणून त्यावर कठीण धातूचं आवरण चढवलं. गडबड इथेच झाली. मऊ शिसं अंगात शिरलं की चपटं होतं, पसरतं. आवरणाची गोळी सुईसारखी आरपार जाते. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेतून तक्रारी आल्या, की गोळी लागूनही माणूस चालून येतो.

डमडमच्या कारखान्याचे अधीक्षक कॅप्टन बर्टी-क्ले यांनी उपाय काढला. टोकावरचं आवरण किंचित मागे घेतलं आणि जरासं शिसं उघडं ठेवलं. ही गोळी लागली की टोक फुलायचं. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती पठाणांवर चालली. युरोपात ओरड झाली. जर्मनीत ट्युबिंगनचे सर्जन प्रोफेसर ब्रुन्स यांनी प्रयोग करून भयानक जखमा दाखवल्या. गंमत अशी, की त्यांनी झाडलेल्या गोळ्या डमडमच्या नव्हत्याच. त्या माउझर रायफलच्या शिकारी गोळ्या होत्या, टोकाला कितीतरी जास्त शिसं उघडं असलेल्या. डमडमवर खटला चालला, पण पुरावा शिकारीच्या गोळीचा होता.

१८९९ मध्ये हेगच्या परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. ब्रिटनचे प्रतिनिधी मेजर जनरल आर्डा यांनी विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. हा 'रानटी' म्हणजे सरहद्दीवरचा पठाण, आपल्याच उपखंडातला. एका माणसाला सैनिक समजायचं आणि दुसऱ्याला सावज, हा त्या युक्तिवादाचा खरा अर्थ. परिषदेने तो मानला नाही. ब्रिटन १९०७ मध्ये या जाहीरनाम्यात सामील झालं.

आता उलटी बाजू बघा. त्याच ब्रिटनमध्ये आज हरणाची शिकार करायची तर पसरणारी गोळीच वापरावी लागते. इंग्लंड आणि वेल्सच्या १९९१ च्या कायद्यात टोक मऊ किंवा पोकळ असलेली गोळीच चालते. स्कॉटलंडच्या १९८५ च्या आदेशाने लहान रो हरणासाठी .२२३ सारख्या छोट्या कॅलिबरला वाट ठेवली, पण गोळी किमान ५० ग्रेनची आणि ठरावीक तऱ्हेने पसरणारी हवी अशी अट घातली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांतही हरणासाठी पूर्ण आवरणाच्या गोळीला मनाई आहे. जी गोळी रणांगणावर अमानुष, तीच जंगलात सक्तीची. हे कसं काय?

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. लेफ्टनंट असताना मध्य भारतातल्या एका फील्ड फायरिंग रेंजवर मी सेफ्टी ऑफिसर होतो. फायर चालू असताना चितळांचा कळप आडवा आला. मी 'थांब' म्हणायला दोन-तीन सेकंद उशीर केला. एक मादी दचकली आणि कळपाबरोबर पळून गेली. लागलं की नाही, तेच कळेना. सुभेदार साहेब कुमाऊंचे, त्यांच्या आजोबांनी शिकाऱ्यांसाठी हाके घातलेले. त्यांनी जमिनीवरचं रक्त बघितलं. थेंबभर, त्यात हिरवट चोथा. पोटातून आरपार. वनरक्षकाला बोलावून आम्ही अंधार पडेपर्यंत माग काढला. ती सापडली दुसऱ्या दिवशी सकाळी, नाल्यात, दोन किलोमीटरवर. अजून जिवंत होती. आम्ही पोचल्यावर थोड्या वेळाने गेली. वनखात्याचा पंचनामा झाला, माझा जबाब झाला. सुभेदार साहेब एवढंच म्हणाले, "साहब, ये गोली जंगल के लिए नहीं बनी."

पुढे काश्मीरमध्ये माझ्या कंपनीतल्या एका जवानाला एके-४७ ची गोळी मांडीत लागली. तीही आरपार. हाड वाचलं, मोठी रक्तवाहिनी वाचली. फील्ड ड्रेसिंग, स्ट्रेचर, हेलिकॉप्टर, बेस हॉस्पिटल. पाच महिन्यांनी तो युनिटमध्ये परत आला. टोक उघडं असलेली गोळी असती तर कदाचित पायच गेला असता.

दोन्ही गोळ्या आवरणाच्याच, आणि दोन्ही आरपार. एकीने माणूस वाचवला, दुसरीने जनावराला रात्रभर मारत ठेवलं. फरक स्ट्रेचरचा होता. सैनिक पडला की लढाईतून बाद होतो. त्यानंतर त्याला उचलणारं कोणीतरी असतं, आपलं किंवा शत्रूचं. हरणाला कोणी उचलत नाही. त्याच्यावर दया करायची असेल तर ती पहिल्याच गोळीत करावी लागते.

आवरणाची गोळी म्हणजे दयाळू, असंही समजू नका. १९१० च्या मार्क ७ गोळीच्या टोकात शिशाऐवजी हलकं अॅल्युमिनियम भरलं. कायदा पाळला, पण गोळीचं वजन मागे गेलं आणि ती शरीरात आडवी फिरू लागली. आपली ५.५६ देखील जवळच्या अंतरावर आडवी होऊन फुटू शकते. फुटेल की आरपार जाईल, याची खात्री नाही. शिकाऱ्याला खात्रीच हवी असते.

तेव्हा भाच्या, आता तुझं उत्तर. मिलिटरी गोळी नको. कोल्ह्या-सशांसाठी असते ती पातळ आवरणाची, लगेच फुटणारीही नको. ती खांद्यावरच फुटेल आणि आत पोचणार नाही. छोट्या कॅलिबरमध्ये गोळीची बांधणीच सगळं ठरवते. जॉन नोस्लर नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याची गोळी १९४६ मध्ये कॅनडातल्या एका मूसमध्ये खोल शिरली नाही. तेव्हा त्याने मध्ये धातूचा पडदा असलेली गोळी बनवली. पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून आत जातो. .२२३ मध्ये ६० ग्रेनच्या आसपासची अशी गोळी घे. तुझ्या नळीच्या आट्यांना ती मानवते का, ते आधी टार्गेटवर बघ. शंभर यार्डांच्या आत, जनावर आडवं उभं असताना, पुढच्या पायामागे नेम धर. तसा नेम मिळत नसेल तर ट्रिगरवरून बोट काढ.

आणि गोळी लागून ते पळालंच, तर अंधार पडला तरी सापडेपर्यंत माघारी फिरू नकोस. आम्ही फिरलो होतो.

जय हिंद.