कावसजीचं नाक

आमच्या वळसंगात कुणाची फजिती झाली की अजून म्हणतात, ‘नाक कापलं की रे!’ पण एके काळी नाक खरोखर कापायचे. शिक्षा म्हणून, शत्रूची बेअब्रू म्हणून. आजची गोष्ट अशाच एका गाडीवानाची.

त्याचं नाव कावसजी. नाव पारशी वाटतं, पण लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 ला छापलेल्या पत्रात तो शेतकरी जातीतला मराठा आहे असं म्हटलंय. 1792 च्या लढाईत तो इंग्रज फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या हाती सापडला, नाक आणि एक हात गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एकाने त्याला नवं नाक करून दिलं. कोणी? वीटकाम करणाऱ्या जातीतल्या माणसाने, म्हणजे बहुधा आपल्या कुंभाराने!

पद्धत ऐका. आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक बनवायचं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन भुवयांमधली एक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग कातडी फिरवून खाली नाकाच्या जागी बसवायची. वरून पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हो, पानातला कात! चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. ती जोडपट्टी कापायची साधारण पंचविसाव्या दिवशी.

सगळी मेख त्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत राहतं, म्हणून कातडी जिवंत राहते. पत्र वाचलेल्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने 1814 मध्ये लंडनला हीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपभर ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून गाजली. क्रूसो आणि फिंडले या बघणाऱ्या डॉक्टरांची नावं छापली गेली, करणाऱ्याचं मात्र नाही. मला हे फार खटकतं.

आता 1975 ला या. अमेरिकेत राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. पुढे त्यांचे पातळ थर भाजलेल्या रुग्णांना लावले गेले. मग अख्खं मूत्रपिंड का वाढत नाही? अडचण कुंभाराचीच, रक्त पोचवायचं कसं? रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे प्राणवायू नीट पोचत नाही, आतल्या पेशी मरतात. पातळ कातडीचं निभतं, जाड अवयवाचं नाही. पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, तिथेही मूलपेशींवर काम चालतं.

तोवर भाजलेल्यांचा आधार म्हणजे दान केलेली त्वचा. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात 2000 पासून त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत पातळ थर काढतात, रक्तगट जुळावा लागत नाही. ही त्वचा कायमची टिकत नाही, पण स्वतःची येईपर्यंत जखम झाकते, संसर्ग रोखते. घरात हा विषय एकदा काढून बघा. आजी काय म्हणते ते मला कळवा.