जुनी पिकअप वरच्या रेसला का दमते? उत्तर इंजिनाच्या इतिहासात आहे



मळणी उरकली, पेंढा रचून झाला. आता भाजीपाल्याचे दिवस, म्हणजे पहाटेच्या कल्याण मार्केटच्या फेऱ्या. दरवर्षी याच सुमाराला आपल्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एक तक्रार ऐकू येते: "गाडी चालू होते, आवाज बरोबर आहे, पण वरची रेस घेत नाही. चढाला दम तोडते." आणि बहुतेक वेळा सल्ला मिळतो तो एकच, "बोअर गेला, इंजिन खोला." इंजिन खोलायचं म्हणजे एका हंगामाची कमाई गॅरेजात. म्हणून आज जरा इतिहास सांगतो. कारण डिझेल इंजिन ज्या अडचणी सोडवत सोडवत वाढलं, त्याच अडचणी जुन्या गाडीत परत डोकं वर काढतात. इतिहास नीट कळला की तपासायची यादी आपोआप तयार होते.

रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चाललं. माणसापेक्षा उंच धूड, एकच सिलिंडर, आणि फेरे मिनिटाला दीडशेच्या आसपास. कल्पना साधी होती: हवा इतकी दाबायची की ती तापून तेल आपोआप पेटेल. त्या संथ चालीत हवा आत यायला भरपूर वेळ होता. आता आपला हिशोब करा. अडीच लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन ८०० फेऱ्यांवर मिनिटाला साधारण १००० लिटर हवा ओढतं. तेच ३००० फेऱ्यांवर ३७५० लिटर. म्हणजे एअर फिल्टर अर्धा चोंदलेला असला तरी उभ्या गाडीत काही कळणार नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत शिवमंदिराच्या रस्त्याला पहिल्या गिअरमध्ये रांगणारी गाडी हा दोष कधीच दाखवणार नाही. चढाला दाखवेल. आणि पेंढ्याची वाहतूक केलेल्या गाडीत फिल्टर किती भरतो हे मी वेगळं सांगायला नको.

दुसरी अडचण तेलाची. सुरुवातीला तेल आत फवारायला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागायचा. एवढं लटांबर गाडीवर बसवणार कसं? रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७ साली इंजेक्शन पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि डिझेल रस्त्यावर आलं. आपल्याकडे १९५१ साली बंगळुरूला मायको कंपनी निघाली, पुढे नाशिकलाही तिचा कारखाना झाला. म्हणून आपण आजही पंपाला 'मायको पंप' म्हणतो. या पंपाचं काम किती नाजूक बघा: ३००० फेऱ्यांवर एक फेरा २० मिलिसेकंदांचा. त्यातल्या साधारण तीस अंशांत तेल पडायचं, म्हणजे सेकंदाचा सहाशेवा भाग. एवढ्या घाईत पंपाला मागून भरपूर तेल मिळालंच पाहिजे. फिल्टर तुंबला, टाकीतली जाळी भरली की सावकाश चालीला तेल पुरतं, वर कमी पडतं.

तिसरी अडचण तेल आणि हवा मिसळण्याची. इंग्लंडच्या हॅरी रिकार्डोने हवेला भोवरा देणारी छोटी खोली काढली, १९३१ मध्ये ती लंडनच्या बसमध्ये आली आणि डिझेल जास्त फेऱ्यांना चालू लागलं. त्याच वाटेने फ्रान्सच्या प्यूजोची छोटी डिझेल इंजिनं आली. महिंद्राने १९७९ मध्ये त्यातल्या एक्सडीपी ४.९० इंजिनाचा परवाना घेतला. टाटांची टाटामोबाइल पिकअप १९८८ ची. बैलगाडीने किंवा रेल्वेने जाणारा माल शेताच्या बांधावरून उचलला जाऊ लागला तो याच काळात. कल्याणहून पुढे खोपोलीच्या दिशेने रेल्वे १८५६ लाच आली होती, पण रेल्वे काही बांधावर येत नाही.

आता तपासणी. क्रम असा, खर्च कमीकडून जास्तीकडे.

आधी बघा, फेरे वाढतात पण वेग वाढत नाही का? तसं असेल तर इंजिन नाही, क्लच प्लेट घसरते आहे. मग एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघा. केबल ढिली झाली की लिव्हर पाऊणच सरकतो.

मग धूर. चढाला काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा नोझल खराब: फिल्टर, टर्बो असेल तर त्याचा फाटलेला होज, सायलेन्सर काजळीने चोंदलाय का ते बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, तिथे बोअर-रिंगचा संशय रास्त. गरम इंजिनात पांढरा धूर राहिला तर पंपाचं टायमिंग किंवा कॉम्प्रेशन बघा. आणि धूरच नाही, गाडी नुसती मऊ पडते, तर तेल कमी पडतंय.

माझ्या गाडीचं हेच झालं. टोकावडे सोडून माळशेजचा चढ लागला की तिसऱ्या गिअरमध्ये मऊ. धूर नाही. मला पण इंजिन खोलायचाच सल्ला मिळाला होता. मी पाच लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, पंपापेक्षा उंच आणि सायलेन्सरच्या पाइपापासून लांब घट्ट बांधला. फीड पंपाचा सक्शन आणि रिटर्न दोन्ही पाइप त्यात सोडले, एअर काढली आणि एका चढाला गाडी नेली. गाडी पूर्वीसारखी पळाली. म्हणजे इंजिन, पंप, नोझल सगळं ठीक, दोष टाकी ते फीड पंप एवढ्याच टप्प्यात. टाकीजवळच्या जुन्या रबरी पाइपला आतून चिरा निघाल्या. सक्शनच्या बाजूला गळती असली की तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली थेंबही दिसत नव्हता. पाइप आणि दोन क्लिप बदलल्या, काम झालं.

कॅन लावूनही फरक पडला नाही, तर डिझेल फिल्टर, नोझलचं प्रेशर, पंपाचं टायमिंग, टॅपेट, शेवटी कॉम्प्रेशन, या क्रमाने मिस्त्रीकडून तपासून घ्या. नोझलच्या फवाऱ्याखाली हात कधीच धरू नका, तेवढ्या दाबाचं तेल कातडीत घुसतं. एअर फिल्टर काढून गाडी चालवायची नाही, धूळ बोअर खाते.

कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय कुणी इंजिन खोला म्हणालं तर आधी गेज लावायला सांगा. आकडा कागदावर लिहून घ्या, मगच पान्याला हात लावू द्या.