नळ, गाळणं आणि पेटंटचा शिक्का



आमच्या बस्तीच्या धर्मशाळेत स्वयंपाकघराला सहा नळ आहेत. सगळे जुने, दोन तर सतत ठिबकतात. चातुर्मासाआधी ते बदलायचे म्हणून महिला मंडळाची बैठक बसली. दुकानदाराने एक नवीन प्रकार सुचवला होता. पाणी शुद्ध करायची सगळी व्यवस्था नळाच्याच पोटात, वेगळं यंत्र भिंतीला टांगायला नको. माहितीपत्रकावर ठळक अक्षरात छापलं होतं, 'पेटंटसाठी अर्ज दाखल'. किंमत साध्या नळाच्या कितीतरी पट.

एक वहिनी म्हणाल्या, "पेटंट आहे म्हणजे सरकारनं तपासलंय. आता आपण आणखी काय तपासायचं?" बऱ्याच माना हलल्या. खजिनदार मी. पैसे गुप्तदानाचे. कुणी वाढदिवसाचे दिलेले, कुणी उपवासाच्या पारण्याचे. मी एवढंच म्हटलं, "आठ दिवस द्या, पेटंट तपासतात म्हणजे नक्की काय तपासतात ते बघते." कॉमर्स शिकलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ऑडिटरची सही म्हणजे धंदा फायद्यात आहे असं नव्हे. सही कशावर आहे ते आधी वाचायचं.

वाचायला बसले आणि इतिहासातच रमले. त्यातलं जे आपल्या कामाचं वाटलं ते सांगते.

अमेरिकेत पेटंटचा पहिला कायदा १७९० साली झाला. तेव्हा अर्ज तपासायला वेगळं ऑफिस नव्हतं. परराष्ट्रमंत्री, युद्धमंत्री आणि ॲटर्नी जनरल अशा तिघांनी अर्ज बघायचे. परराष्ट्रमंत्री होते थॉमस जेफरसन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याकडे १७९१ मध्ये एक पाण्याचं प्रकरण आलं. हा पेटंटचा अर्ज नव्हता, संसदेकडे आलेली विनंती होती. न्यूपोर्टच्या जेकब आयझॅक्स यांचं म्हणणं असं, की आपल्याकडे एक गुप्त मिश्रण आहे, ते घालून समुद्राचं पाणी उकळून त्याची वाफ धरली की गोडं पाणी मिळतं. हे गुपित सरकारला सांगतो, मला बक्षीस द्या. संसदेने प्रकरण जेफरसनकडे पाठवलं.

जेफरसननी काय केलं? नुसते कागद वाचले नाहीत. फिलाडेल्फियात आपल्या ऑफिसातच भट्टी लावली, जाणकार शास्त्रज्ञांना बोलावलं आणि समुद्राचं पाणी दोन्ही प्रकारे गाळून बघितलं. एकदा मिश्रण घालून, एकदा न घालता. मिश्रणाने काहीच जास्त फायदा होत नाही असं दिसलं. वाफ धरून पाणी गोडं करणं तर लोकांना आधीपासून माहीत होतं. त्यांनी तसा अहवाल दिला. वर सुचवलं की ही साधी रीत जहाजांना मिळणाऱ्या परवान्याच्या मागच्या बाजूला छापून द्यावी, म्हणजे अडीअडचणीत खलाशांचे जीव वाचतील. मिश्रण घालून आणि न घालता! आपल्या आजीनेही असंच केलं असतं. नवीन पापडखार आणला की एक लाटी त्याची, एक जुन्याची.

पण अशी तपासणी फार दिवस टिकली नाही. मंत्र्यांना वेळ कुठला? १७९३ मध्ये कायदा बदलला. अर्ज करा, फी भरा, पेटंट घ्या. खरं-खोटं कोर्टात ठरवा. झालं असं की एकाच वस्तूवर दोघातिघांचे हक्क उभे राहिले. शेवटी १८३६ साली तपासणी परत सुरू झाली. इंग्लंडमध्ये तर आधी कुणी असंच काही केलंय का हे ऑफिसने शोधून बघण्याची पद्धत १९०५ मध्ये सुरू झाली. त्याआधी तिथलं पेटंट म्हणजे जवळजवळ नोंदणीची पावती.

आपल्याकडे पहिला कायदा १८५६ चा, कंपनी सरकारचा. त्याच वर्षी कोलकात्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. आपल्या देशातलं ते पहिलं पेटंट समजलं जातं. पुढे १९११ चा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये मोठा अहवाल दिला, त्यावरून १९७० चा कायदा झाला आणि तो २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. सुधारणा होत होत तोच आजही चालतो.

या कायद्यात तपासनीस मुख्यतः तीन प्रश्न विचारतो. वस्तू नवीन आहे का? त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचली नसती अशी काही पुढची पायरी तिच्यात आहे का? आणि ती कारखान्यात बनवता, वापरता येईल का? याशिवाय कलम ३ मध्ये कशाकशाला पेटंट नाही त्याची यादी आहे. त्यात एक ओळ आपल्या नळाला थेट लागू पडते. माहीत असलेली उपकरणं नुसती शेजारी शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपापलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिला, तर तो शोध नव्हे.

हे समजायला पेन्सिलीची गोष्ट सोपी आहे. शेंड्याला खोडरबर लावलेली पेन्सिल आपण सगळ्यांनी वापरली. तिचं पेटंट फिलाडेल्फियाच्या हायमन लिपमन यांना ३० मार्च १८५८ रोजी मिळालं. जोसेफ रेकेनडॉर्फर यांनी ते विकत घेतलं, त्यात सुधारणा करून आणखी एक पेटंट काढलं आणि फेबर या पेन्सिलवाल्यांवर दावा लावला. १८७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पेन्सिल पेन्सिलीसारखीच लिहिते, रबर रबरासारखंच खोडतं, दोन्ही जोडल्याने तिसरं नवीन काही घडत नाही. पेटंट गेलं. वस्तू सोयीची होती, घरोघरी खपली, पण सोय म्हणजे शोध नव्हे.

आपल्याकडचा निकाल भांड्यांचा आहे. मिर्झापूरच्या एका कारखान्याने लेथवर भांडं घट्ट धरून ठेवायच्या युक्तीवर १९५१ मध्ये पेटंटचा अर्ज केला होता आणि पेटंट मिळालंही होतं. भांड्यांच्याच धंद्यातल्या दुसऱ्या एका पेढीशी वाद झाला आणि तो थेट आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ डिसेंबर १९७८ रोजी निकाल लागला. अशी सुधारणा कुशल कारागिराला कामाच्या ओघात सुचण्यासारखी आहे, तिच्यात शोधाची पायरी नाही, म्हणून पेटंट टिकत नाही. आजही वकील हा निकाल दाखवतात.

आता नळाकडे या. नळाला फिल्टर जोडायची कल्पना किती जुनी असेल? मला वाटलं होतं वीस-तीस वर्षांची. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८८४ मध्ये पॅरिसमध्ये चकाकी न दिलेल्या चिनी मातीच्या नळीचा फिल्टर केला. तो नळालाच बसवायचा. नळाच्या दाबाने पाणी बाहेरून नळीच्या आत झिरपतं आणि जंतू बाहेर अडकतात. १८८६ मध्ये त्यांना अमेरिकेतही पेटंट मिळालं. त्या नळीला फ्रेंच लोक मेणबत्ती म्हणत. आपल्या स्टीलच्या फिल्टरमधल्या 'कँडल'चं नाव असं सव्वाशे वर्षांहून जुनं आहे! लग्नानंतर कितीतरी वर्षं दर रविवारी ब्रशने ती घासली, पण नाव कुठून आलं हे कधी मनातही आलं नव्हतं.

आणि या कँडलीचीही मर्यादा निघालीच. १८९२ मध्ये इवानोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट पानांचा रस तिच्यातून गाळला, तरी रस रोग लावतच राहिला. जंतूंहून बारीक काहीतरी आरपार जात होतं. त्यालाच पुढे व्हायरस म्हणू लागले. शिवाय कँडल वेळेवर साफ केली, तापवली नाही तर जंतू तिच्यातच वाढून पलीकडे पोचतात. आजच्या नळातल्या कोळशाच्या भागाचंही तसंच. तो क्लोरिनचा वास काढून टाकतो, पण क्लोरिन गेलं की त्या पाण्याला राखणदार उरत नाही. कार्ट्रिज वेळेवर बदललं नाही तर शुद्धीची वस्तूच अशुद्धीचं घर होते.

म्हणजे आपल्या दुकानातला नळ तपासनिसापुढे जाईल तेव्हा तो आधी विचारणार, नळ जुना, फिल्टर जुना, नळाला फिल्टर लावणंही जुनं, मग तुमचं काय? नळ आणि फिल्टर एकमेकांच्या मदतीने काही नवीन करत असतील, समजा फिल्टर संपत आला की नळ आपोआप बंद होत असेल आणि हे कुणी आधी केलेलं नसेल, तर बोलायला जागा आहे. नाहीतर ती खोडरबराची पेन्सिल.

मात्र या सगळ्यात एक प्रश्न तपासनीस विचारतच नाही, 'या नळाचं पाणी प्यायला चांगलं आहे का?' ते त्याचं कामच नाही. आणि 'अर्ज दाखल' याचा अर्थ फक्त अर्ज दिला, एवढाच. वेगळी विनंती केल्याशिवाय तपासणी सुरूही होत नाही. त्यापुढचं वाचून तर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कायद्याच्या कलम १३(४) मध्ये सरळ लिहिलंय, की तपासणी झाली म्हणून पेटंट खरं ठरेल अशी हमी धरू नये आणि त्याची जबाबदारी सरकारवर नाही. ज्याला आपण सरकारची हमी समजत होतो, त्यावर सरकारनेच 'हमी नाही' असं लिहून ठेवलंय.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, जेफरसनसारखं करू या. दुकानदाराकडून एक नळ आठ दिवस मागून घेतला. पाण्याचे तीन नमुने प्रयोगशाळेत दिले. रस्त्याच्या मुख्य लाइनचा, गच्चीवरच्या टाकीचा आणि नव्या नळातून आलेला. लाइनचं पाणी चांगलं निघालं. नळातलंही चांगलं. टाकीचं मात्र वाईट! टाकी शेवटची कधी धुतली हे कुणालाच आठवेना. चूक आमची होती आणि ती झाकायला आम्ही महागडा नळ घेणार होतो. त्या वहिनींनीच उठून सांगितलं, "आधी टाकी धुऊ." टाकी धुतली, झाकण बदललं, सहा महिन्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी तसले दोनच नळ घेतले. कार्ट्रिज बदलायची तारीख माझ्या वहीत आहे. बाकी चार साधे.

आणि मुनिसंघाचा, व्रतींचा चौका? तिथे नळ नाहीच. आडाचं पाणी, जाड दुहेरी गाळणं, आणि मग उकळणं. कारण आपल्या गाळण्याचा प्रश्नच वेगळा आहे. इंग्लंडच्या जेम्स पीकॉक यांनी १७९१ मध्ये फिल्टरचं पेटंट घेतलं. त्यात पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायची सोय होती. का, तर फिल्टर साफ व्हावा म्हणून. आपणही गाळणं उलटं करून गाळलेल्या पाण्याने धुतो. पण ते कापड साफ व्हावं म्हणून नव्हे, अडकलेले जीव जिथले तिथे परत जावेत म्हणून. माझ्या सासूबाई ती जिवाणी बुडाला कडी असलेल्या छोट्या बादलीतून अलगद पाण्यापर्यंत सोडायच्या, वरून ओतायच्या नाहीत. नळाच्या पोटातल्या फिल्टरला हे जमत नाही. तो फक्त पिणाऱ्याचा विचार करतो.

कापडाला कमी लेखू नका. बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या घड्या घालून गावकऱ्यांना पाणी गाळायला लावलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला की कॉलरा जवळपास निम्म्याने, ४८ टक्के कमी झाला. पण निम्म्याने म्हणजे सगळा नव्हे, हेही लक्षात ठेवायचं. म्हणून गाळल्यावर उकळायचं, आणि गाळलेल्या पाण्याची दोन घडींची मर्यादा पाळायची.

गाळण्यावर कुणी पेटंट घेतलं नाही. आईने मुलीला दाखवलं, सासूने सुनेला. तुमच्या घरी नवीन नळ येईल तेव्हा माहितीपत्रकावरचा शिक्का जरूर वाचा, पण टाकीत एकदा स्वतः डोकावून या.