पुसलेला झेंडा आणि एक कथाकार

१५ ऑगस्ट १९३६. बर्लिन ऑलिंपिकची हॉकी फायनल. ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ असं हरवलं. मैदानात उतरण्याआधी ड्रेसिंग रूममध्ये आपल्या खेळाडूंनी तिरंग्याला सलाम केला होता, कारण बाहेर खेळायचं होतं ते ब्रिटिशांच्या हिंदुस्थानकडून. ही गोष्ट आपण सगळ्यांनी शंभरदा फॉरवर्ड केलीय. त्याच ऑलिंपिकमधली, सहा दिवस आधीची, आणखी एक गोष्ट आज सांगतो. ती खेळाडूची कमी आणि एका लेखकाची जास्त आहे.

९ ऑगस्टला मॅरेथॉन जिंकली सोन की-चुंग या कोरियन तरुणाने. तिसरा आलेला नाम सुंग-योंग, तोही कोरियनच. पण कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात. त्यामुळे छातीवर जपानचा सूर्य, नावाचा उच्चारही जपानी, आणि वाजलं ते जपानचं राष्ट्रगीत. फोटो शोधून बघा. दोघांच्याही माना खाली आहेत. सोनने हातातलं ओकचं रोपटं छातीशी धरून झेंडा झाकलाय. नामकडे झाकायला काहीच नव्हतं.

२५ ऑगस्टला सोलच्या डोंग-आ इल्बो या दैनिकात तो फोटो छापून आला. छातीवरचा झेंडा पुसलेला होता. पोलिसांनी धरपकड केली, पेपर बंद झाला तो नऊ महिन्यांनी उघडला. पकडलेल्यांत चित्रकार होता, खेळाचा बातमीदार होता आणि समाज विभागाचा प्रमुखही होता. त्याचं नाव ह्यन जिन-गन. वय ३६.

हा माणूस नुसता पत्रकार नव्हता. कोरियन वास्तववादी कथेचा पाया घालणाऱ्यांपैकी तो एक. मला कोरियन येत नाही, इंग्रजी अनुवादातून वाचलं. तरी सांगतो, काही गोष्टी डोक्यातून जात नाहीत.

'भाग्याचा दिवस' ही १९२४ ची कथा. माथेरानला हातरिक्षा ओढणारी माणसं ज्यांनी पाहिलीत, त्यांना ती लगेच कळेल. सोलमधला एक रिक्षावाला. दहा-एक दिवस कमाई नाही, घरी बायको आजारी, कडेवरचं पोर. तिला हाडांचं गरम सूप प्यायची इच्छा झालीय आणि हा तिच्यावरच खेकसतो, कारण खिशात दमडी नाही. त्या दिवशी पाऊस पडतो आणि नेमकी गिऱ्हाईकांची रांग लागते. पैसे वाढतात तशी त्याच्या पोटातली भीतीही वाढते. घरी जायला पाय उचलत नाही. तो दारू पितो, हसतो, रडतो. शेवटी सूप घेऊन घरी पोहोचतो तेव्हा बायको गेलेली असते आणि पोर तिच्या अंगाला लुचत असतं. पूर्ण कथेत जपानी सरकारचा उल्लेखही नाही. गरज पडत नाही.

१९२१ ची एक कथा आहे, समाजच माणसाला दारू पाजतो अशा अर्थाच्या नावाची. टोकियोला शिकून आलेला नवरा रोज पिऊन येतो. बायको विचारते, तुम्हाला कोण पाजतं? तो म्हणतो, समाज. ती बिचारी अडाणी, तिला हा शब्दच माहीत नाही. हसू येतं आणि मग येत नाही. शिकलेल्याला करण्यासारखं काम नाही आणि न शिकलेलीला त्याचं दुःख समजायला शब्द नाही.

आणि 'गाव' ही १९२६ ची. रेल्वेच्या डब्यात एक माणूस भेटतो. अंगावर थोडे कोरियन, थोडे जपानी, थोडे चिनी कपडे. त्याच्या गावची जमीन एका जपानी कंपनीकडे गेली. ही कंपनी खरी, १९०८ मध्ये स्थापन झालेली. कुळांना परवडेना म्हणून घर मांचुरियाला गेलं, तिथे आई-बाप मेले, मग हा जपानच्या खाणीत राबला. परत आला तर गावच उरलं नव्हतं. शेतसारा, कुळं, स्थलांतर, हे सगळं एका माणसाच्या चेहऱ्यावर लिहून ठेवलंय.

आता प्रश्न असा, की ज्याच्या कथेतली माणसं कुणीच बंड करत नाहीत, त्याच्या विभागात झेंडा कसा पुसला गेला?

माझं मत सांगतो. जे आहे तेच लिहायची सवय लागलेल्या माणसाला तो फोटोच खोटा वाटला असणार. धावणारा कोरियन, छातीवर दुसऱ्याचं चिन्ह. पुसणं ही त्यांच्या दृष्टीने दुरुस्ती होती. घरातही त्याची किंमत माहीत होती. थोरला भाऊ शांघायमध्ये स्वातंत्र्याच्या कामात होता, १९२८ मध्ये पकडला गेला, १९३२ मध्ये सुटला आणि त्याच वर्षी वारला.

ह्यनची नोकरी गेली. पुन्हा वृत्तपत्रात काम करणार नाही असं पकडलेल्यांकडून लिहून घेतलं. सोलच्या वेशीबाहेर त्याने कोंबड्या पाळल्या. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या, त्यातली एक परकीय आक्रमकांशी लढणाऱ्या सेनापतीची. ती क्रमशः छापून येत होती, १९४० मध्ये मधेच बंद पडली. त्याच काळात यी क्वांग-सूसारखे मोठे लेखक जपानी नाव घेऊन जपानच्या बाजूने लिहू लागले. ह्यनने तसं लिहिलं नाही. २५ एप्रिल १९४३ ला क्षयाने गेला. कोरिया स्वतंत्र व्हायला अजून दोन वर्षं होती.

सोन की-चुंग मात्र जगला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये मशाल घेऊन तो स्टेडियममध्ये आला तेव्हा छातीवर स्वतःचा देश होता. ऑलिंपिकच्या नोंदीत ते १९३६ चं सुवर्ण आजही जपानच्याच खात्यात आहे.

हे लिहायचं कारण एवढंच. लेखकाने भूमिका घ्यावी की नाही यावर आपल्याकडे दर सहा महिन्यांनी वाद होतो. भूमिका म्हणजे भाषण, असं आपण धरून चालतो. ह्यनने भाषण केलं नाही. रिक्षावाला जसा होता तसा लिहिला, आणि वेळ आली तेव्हा एका फोटोसाठी आयुष्याची भाकरी घालवली.

'भाग्याचा दिवस' छोटी कथा आहे, अर्ध्या तासात होते. मिळाली तर वाचा आणि कशी वाटली ते खाली लिहा.