देवगडचे गोंड राजे : किल्ला, कबरी आणि झेरघाट

पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांतील महाविद्यालयांची शैक्षणिक सहल निघते ती बहुधा औरंगाबाद-खुलताबादला किंवा आग्ऱ्याला. मोगलकालीन किल्ले आणि शाही मकबरे पाहायचे म्हणजे तिकडेच जायचे, असा एक समज रूढ झाला आहे. या दोन तालुक्यांच्या उत्तरेला, सातपुड्याचा घाट चढून गेल्यावर, छिंदवाडा जिल्ह्यात मोहखेडजवळ देवगडचा किल्ला आहे. मोगल दरबाराच्या कागदपत्रांत या किल्ल्याची आणि त्याच्या राजांची नोंद शे-सव्वाशे वर्षे सातत्याने येत राहिली. पण ‘मोगलकालीन’ म्हटले की त्याचे नाव कोणाला आठवत नाही. कारण तो बांधला गोंडांनी.

या भूभागाचे जुने नावच विचार करण्यासारखे आहे. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग केलेले दिसतात. वरचा पठारी भाग तो ‘बालाघाट’ आणि घाटाखालचा, सौंसरकडचा सपाट भाग तो ‘झेरघाट’. फारसीत ‘बाला’ म्हणजे वर आणि ‘ज़ेर’ म्हणजे खाली. उर्दूच्या वर्गात ‘ज़ेर-ज़बर’ शिकवताना येतो तो हाच ज़ेर, आणि मराठीत एखाद्याला ‘जेरीस आणणे’ म्हणतात त्यातलाही हाच. गोंडांच्या मुलखात मराठी बोलणाऱ्या कुणब्यांची वस्ती आणि तिला महसुली नाव फारसी, हा योगायोग नव्हे. त्यामागे एका राज्याचा इतिहास आहे.

देवगडच्या घराण्याचा मूळ पुरुष जाटबा. लोककथेप्रमाणे हर्यागड येथील मनसूर व घनसूर या दोन गवळी राजांना मारून त्याने सत्ता मिळवली. कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी जाटबा ऐतिहासिक पुरुष आहे याबद्दल शंका नाही. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात, खेरला सरकारच्या संदर्भात, त्याचा उल्लेख आढळतो. दोन हजार स्वार, पन्नास हजार पायदळ आणि शंभरांहून अधिक हत्ती असे त्याचे बळ तेथे दिले आहे. आकडे दरबारी पद्धतीने फुगवलेले असतील. तरीही हत्तींचा आकडा महत्त्वाचा आहे. मोगलांना या जंगलातून हवे होते ते मुख्यतः हत्ती आणि पेशकश. पुढच्या शतकातील बहुतेक स्वाऱ्यांचे कारण याच दोन गोष्टींत सापडते.

1637 मध्ये शाहजहानचा सरदार खान-ए-दौरान याने कोकशहावर स्वारी केली. बादशाही तवारिखांनुसार त्याने नागपूरच्या किल्ल्याला वेढा घालून तो घेतला आणि कोकशहाने दीड लाख रुपये व 170 हत्ती दिल्यावर परत केला. येथे अध्यापकांनी थोडे थांबणे आवश्यक आहे. नागपूर हे शहर बख्त बुलंदने 1702 मध्ये वसवले, असे बहुतेक पुस्तकांत छापलेले असते आणि परीक्षेतही तेच उत्तर ग्राह्य धरले जाते. मग 1637 चा किल्ला कोणता? उत्तर अवघड नाही. गाव आणि गढी आधीपासून होती. बख्त बुलंदने आसपासची खेडी एकत्र करून तिला शहराचे रूप दिले. ‘वसवले’ या एका क्रियापदाने किमान पासष्ट वर्षांचा इतिहास पुसला जातो, एवढेच.

बख्त बुलंदबद्दल असाच दुसरा एक गोंधळ आहे. भाऊबंदकीतून गादी गमावलेला हा राजपुत्र 1686 मध्ये औरंगजेबाकडे गेला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि बादशहाने त्याला ‘बख्त बुलंद’ हा किताब देऊन देवगडची गादी दिली, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. पण तो ‘दिल्लीला’ गेला असे जे लिहिले जाते ते टिकत नाही. औरंगजेबाने दिल्ली 1679 मध्ये सोडली ती कायमची. 1686 साली त्याची छावणी विजापूरच्या वेढ्यात गुंतली होती आणि विजापूर त्याच वर्षी सप्टेंबरात पडले. बादशहा त्या वेळी दख्खनमध्ये होता. म्हणजे गोंड राजपुत्राचा प्रवास उत्तरेकडे नव्हे, दक्षिणेकडे झालेला असणार.

या धर्मांतराकडे दोन्ही बाजूंनी सोयीने पाहिले गेले आहे. कोणी त्यात केवळ सक्ती पाहतो, कोणी केवळ श्रद्धा. पुढच्या घटना मात्र दोन्ही मतांना अडचणीत आणतात. अवघ्या पाच वर्षांत, 1691 मध्ये, बादशहाने त्यालाच पदच्युत करून दीनदार या दुसऱ्या मुसलमान झालेल्या गोंड राजपुत्राला गादी दिली. बख्त बुलंद निसटला, त्याने बंड केले, वऱ्हाडात धुमाकूळ घातला आणि 1699 च्या सुमारास छत्रपती राजारामांशी संधान बांधले. चिडलेल्या औरंगजेबाने त्याचा किताब बदलून ‘निगूँ बख्त’, म्हणजे ज्याचे नशीब उलटे फिरले असा, करण्याचा हुकूम दिला. बादशहाच्या धर्माचा झालेला राजा बादशहाविरुद्ध मराठ्यांच्या मदतीला जातो आणि तरीही आपला नवा धर्म सोडत नाही. धर्म आणि राजनिष्ठा या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या. त्याच्या वारसांनीही इस्लाम ठेवला आणि गोंड घराण्यांशी सोयरीकही ठेवली. आजच्या कोणत्याही एका रकान्यात हे घराणे बसत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते पाठ्यपुस्तकातून निसटले असावे.

राज्यकर्ता म्हणूनही तो मोठा होता. नागपूरचा ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने 1827 च्या अहवालात त्याची प्रशंसा केली आहे. हिंदू असो वा मुसलमान, कर्तबगार माणसाला त्याने कामावर घेतले, ठिकठिकाणचे कष्टाळू शेतकरी आणून जंगल मोडून शेती वाढवली. झेरघाटाची फारसी नावे आणि मराठी वस्ती यांचा मेळ याच धोरणात शोधावा लागतो.

आता कबरींविषयी. घुमट दिसला की मुसलमानाची कबर, हा विद्यार्थ्यांचा (आणि क्वचित मार्गदर्शकांचाही) ठोकताळा या प्रदेशात चालत नाही. मुळात गोंडांत दफनाची परंपरा जुनी आहे. देवगडला लोक जाटबाची म्हणून समाधी दाखवतात. जाटबा मुसलमान नव्हता. चंद्रपूरला राजा बीरशहाची घुमटाची भव्य समाधी आहे, ती त्याची राणी हिराई हिने बांधली. तोही मुसलमान नव्हता. बांधणीवर मोगल वळण स्पष्ट आहे, पण वास्तूची शैली आणि आत निजलेल्याचा धर्म या दोन वेगळ्या बाबी आहेत. देवगडच्या किल्ल्यावरही नक्कारखाना, कचेरी, बादल महाल ही नावे ऐकली की मोगल दरबार डोळ्यांपुढे येतो, आणि शेजारचे मोती टाके पाहिले की डोंगरी गोंडांची पाण्याची जाण दिसते. आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या अशी म्हण त्या परिसरात आहे. आकडा शब्दशः घेऊ नये. पण गाळ काढून मोकळ्या केलेल्या बावड्या पाहिल्यावर म्हण अगदी हवेतली नव्हती हे पटते.

चांद सुलतानने राजधानी नागपूरला नेली, शहराला तट घातला, जुम्मा तलाव बांधला; त्यालाच पुढे शुक्रवारी तलाव आणि नंतर गांधीसागर म्हणू लागले. त्याच्या मृत्यूनंतर वलीशहाने गादी बळकावली तेव्हा राणी रतनकुंवर हिने रघुजी भोसल्यांना मदतीस बोलावले. 1743 पर्यंत सत्ता भोसल्यांकडे गेली आणि बुरहानशहा पेन्शनदार राजा होऊन नागपुरात राहिला.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत देवगड मध्य प्रदेशात राहिले आणि नागपूर मुंबई राज्यात व पुढे 1960 मध्ये महाराष्ट्रात आले. एका घराण्याचा किल्ला एका राज्यात, राजधानी दुसऱ्यात. दोन्हींच्या मधल्या सौंसर-पांढुर्ण्याचा 2023 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. मराठी आणि हिंदी दोन्ही वाचणारे, आणि काही ठिकाणी उर्दूही वाचणारे विद्यार्थी या जिल्ह्यात आहेत. देवगडची साधने नेमकी याच भाषांत आणि फारसीत विखुरलेली आहेत. सहल काढायची तर पावसाळ्यानंतर काढावी. सकाळी देवगड, आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात महाल भागातील गोंड राजाच्या किल्ल्याचा दरवाजा. तेथे उभे करून विद्यार्थ्यांना 1637 चा प्रश्न विचारावा आणि उत्तर शोधायला त्यांना वेळ द्यावा.