ढालीचे दोन गुण

रविवारी मेसमध्ये आमचे तरुण अधिकारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. परवा एकाने दंगल पथकातला पोलीस हे पात्र घेतलं. हेल्मेट, लाठी, ढाल. नियमाप्रमाणे ढालीचे बचावाला दोन गुण मिळाले. समोर जमाव, त्यालाही राक्षसासारखे प्राणगुण. मी म्हटलं, इथे नियम बदला.

1976 साली लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये दंगल उसळली, तेव्हा दगड-बाटल्या चुकवायला पोलिसांनी कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उचलली. ऑगस्ट 1977 मध्ये लुइशमला त्यांच्या हाती खऱ्या ढाली आल्या. आडोसा असला की माणूस दगड झेलूनही हात आवरू शकतो. ढालीचा खरा गुण हाच.

पण हात आवरायची इच्छा ढाल देत नाही. 13 एप्रिल 1919 रोजी जालियनवाला बागेत जमाव निःशस्त्र होता, दगडही येत नव्हते. तरी डायरने इशारा न देता 50 रायफलींतून 1650 फैरी झाडायला लावल्या. बाहेर पडायच्या वाटा अरुंद होत्या.

म्हणून आम्ही नियम लिहिले. जमावाला प्राणगुण नाहीत. राग आणि भीती मोजायची. आधी इशारा, त्यात एक डाव जाणार. एक वाट मोकळी ठेवायची. प्रत्येक फटक्याने राग वाढणार. जमाव पांगला तरच जिंकलात. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 130 लष्कराला हेच सांगत होतं: कमीत कमी बळ, कमीत कमी इजा.

पुढच्या डावात त्या पोलिसाने एकदाही लाठी उगारली नाही.

"कंटाळवाणं झालं, सर."

"होऊ दे," मी म्हटलं.