मूळव्याध आणि फुगलेल्या शिरा

मूळव्याध म्हणजे गुदद्वाराशी फुगलेल्या शिरा, असे आजही सर्रास सांगितले जाते. ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही. ती उत्तम शरीररचनाशास्त्राच्या पोटी जन्मली, म्हणूनच इतकी टिकली. अठराव्या शतकात पादुआच्या मोर्गान्यी या शरीररचनाशास्त्रज्ञाने या फुगण्याचे कारण म्हणून माणसाच्या ताठ उभे राहण्याकडे बोट दाखवले. शिरांची रचनाही या तर्काला पोषकच आहे. मलाशयाच्या वरच्या शिरेतले रक्त यकृताकडे जाणाऱ्या प्रतिहारी शिरेला मिळते, मधल्या आणि खालच्या शिरांचे ओटीपोटातून अधोमहाशिरेला. या दोन्ही वाटा गुदनलिकेच्या भिंतीत एकमेकींना जोडलेल्या असतात. वरच्या वाटेत झडपा नाहीत. तेव्हा रक्ताचा भार तळाशी साचणार, कुंथताना वाढणार आणि पायांतल्या शिरांप्रमाणे याही वेड्यावाकड्या फुगणार, हे अनुमान चटकन पटते.

१९७५ साली थॉमसन या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने मृतदेहांतल्या रक्तवाहिन्यांत द्रव्य भरून हा भाग तपासला. फुगवटे त्याला दिसले, पण निरोगी माणसांतही आणि नवजात अर्भकांतही. जे जन्मतःच असते त्याला रोग कसे म्हणावे? माझ्या मते जुना सिद्धान्त इथेच कोसळतो. थॉमसनने दाखवल्या त्या श्लेष्मल आवरणाखालच्या तीन गाद्या: एक डावीकडे, दोन उजवीकडे, पुढे आणि मागे. त्यांत शिरांचे फुगवटे, बारीक धमन्या, लवचिक तंतू आणि प्रागच्या ट्राइट्झने १८५३ साली वर्णिलेला स्नायू असतो. गाद्या रक्ताने भरल्या की दार घट्ट मिटते. आपण स्वस्थ असताना तिथे जो दाब असतो, त्यातला सुमारे १५ ते २० टक्के त्यांचा. आधाराचे तंतू वयाने आणि कुंथण्याने झिजले की गादी खाली घसरते. तोच मोड. त्यातून येणारे रक्त लालभडक असते, कारण धमन्या थेट या फुगवट्यांत उघडतात. निव्वळ शिरेचे रक्त काळपट दिसले असते.

कुंथण्याने त्रास वाढतो, मग दाबाचा सिद्धान्त चुकीचा कसा, असे कुणी विचारील. दाब वाढतो हे खरेच; पण तो गादीला खाली रेटतो, तिच्यातले फुगवटे नव्याने निर्माण करीत नाही. यकृताच्या विकाराचा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रतिहारी शिरेतला दाब वाढला की मलाशयातल्या शिरा खरोखरच फुगतात. मात्र अशा रुग्णांत मूळव्याध इतरांपेक्षा जास्त आढळत नाही, आणि त्या शिरांचा फुगीर पट्टा गुदनलिकेतून वर मलाशयापर्यंत पसरलेला असतो. तो मोडासारखा खाली घसरत नाही. जुनी समजूत या दोन्ही विकारांना एकच नाव देते आणि तिथे ती धोक्याची ठरते: अशी शीर मोड समजून कापली, तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.